वॉशिंग्टन हे आडनाव नक्की कधी जन्मलं?



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. "सर, नाव आणि वस्तू यांच्या नात्यावर तुम्ही दीड तास बोललात. पण माझ्या आडनावाचा आणि माझा संबंध काय, हे काही कळलं नाही." खाली सही होती, आणि गंमत म्हणजे सहीत आडनाव नव्हतं. आजचं बोलणं त्या चिठ्ठीचं उत्तर समजा.

मराठी आडनाव घेऊन उत्तर देता आलं असतं. पण माझा अनुभव असा, की आपल्याकडे आडनावाचा विषय काढला की पाचव्या मिनिटाला जात निघते, दहाव्या मिनिटाला कोणाचं घराणं किती जुनं याची चढाओढ सुरू होते, आणि मूळ प्रश्न दाराबाहेरच्या चपलांसारखा बाहेरच राहतो. म्हणून मी मुद्दाम लांबचं आडनाव घेतलंय. ज्यात आपल्यापैकी कोणाचा मान-अपमान गुंतलेला नाही आणि जे सगळ्यांना ठाऊक आहे. वॉशिंग्टन.

आधी दोन मिनिटं मिलसाठी द्या. जॉन स्टुअर्ट मिलचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८४३ साली निघाला. विशेषनामांची चर्चा करताना तो डार्टमथ या गावाचं उदाहरण घेतो. मी ते वर्गात किती वर्षं सांगितलं असेल, हिशेब नाही. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमथ. आता समजा, उद्या नदीने पात्र बदललं आणि तिचं मुख कोसभर लांब गेलं. गावाचं नाव बदलेल का? बदलण्याची गरज नाही. लोक डार्टमथच म्हणत राहतील आणि कोणी खोटं बोलतोय असं होणार नाही. म्हणजे नाव ठेवताना कारण असतं, पण नाव टिकायला ते कारण टिकावं लागत नाही. पुढे सॉल क्रिपकीने हेच उदाहरण उचललं. १९७० साली प्रिन्स्टनला त्याने तीन व्याख्यानं दिली, हातात लिहिलेला कागद न घेता, आणि ती ध्वनिमुद्रणावरून उतरवून छापली गेली. आपल्या या मालिकेला त्यामुळे फार चांगला पूर्वज आहे असं मी संयोजकांना सांगत असतो.

विद्यार्थी हे सगळं वहीत उतरवायचे, परीक्षेत लिहायचे, मी गुण द्यायचो. पण मला स्वतःला ते उमगलं निवृत्तीनंतर, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून नाही. बाराव्या शतकातल्या एका जमीनमहसुलाच्या नोंदीतून.

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम हा प्रांत आहे. नॉर्मन राजा विल्यम याने १०८६ मध्ये राज्यभराची पाहणी करवली, तिचं दप्तर म्हणजे प्रसिद्ध 'डूम्सडे बुक'. त्यात डरहॅम नाही. तिथे बिशपचा अंमल, जवळपास राजासारखा. जवळजवळ शंभर वर्षांनी, ११८३ साली, डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने आपल्या मुलखाची स्वतंत्र पाहणी करवली. गावोगावी कोण काय देणं लागतो, किती धान्य, किती कोंबड्या, किती दिवसांची वेठ. त्या दप्तराला 'बोल्डन बुक' म्हणतात, कारण बोल्डन या गावाची देणी त्यात तपशीलवार लिहिली आहेत आणि पुढे कित्येक गावांच्या नावापुढे नुसतं 'बोल्डनप्रमाणे' असं लिहून कारकुनाने हात मोकळे केलेत. कारकून कुठलाही असो, जात एकच!

या दप्तरात एक नोंद आहे. हर्टबर्नचा विल्यम याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, तिथलं चर्च आणि चर्चची जमीन वगळून. हे गाव त्याला हर्टबर्नच्या बदल्यात मिळालेलं आहे, हर्टबर्नवरचा हक्क त्याने सोडून दिलेला आहे. तो ४ पौंड भरतो, आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहतो. संपली नोंद, एखाद-दुसरं देणं सोडलं तर. विल्यम दिसायला कसा होता, त्याने गाव का बदललं, बायको काय म्हणाली, एक अक्षर नाही. बिशपला त्याच्याशी कर्तव्यच नव्हतं. चार पौंड आणि चार कुत्रे येतात की नाही, एवढंच.

या अदलाबदलीनंतर हा माणूस 'विल्यम द हर्टबर्न' राहत नाही, 'विल्यम द वेसिंग्टन' होतो. हा 'द' फ्रेंच आहे, अर्थ 'चा'. आपल्या 'कर'सारखा, फक्त आपण तो मागून लावतो. वेसिंग्टन म्हणजेच आजचं वॉशिंग्टन गाव. कारकून ऐकेल तसं लिहायचे, त्यामुळे वेसिंग्टन, वॉसिंग्टन, वॉशिंग्टन अशी रूपं पुढे येत राहतात.

इथे बहुतेक लेखक थांबतात आणि म्हणतात, हा पाहा वॉशिंग्टन आडनावाचा पहिला माणूस. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा मूळपुरुष सापडला. मला हे पटत नाही.

का पटत नाही, सांगतो. लहानपणी आम्ही ज्या वाड्यात राहायचो तिथे एक 'कोपऱ्यातले काका' होते. पुढे ते माडीवर राहायला गेले आणि वाड्याने त्यांना विनातक्रार 'माडीवरचे काका' करून टाकलं. 'कोपऱ्यातले' हे त्यांचं नाव नव्हतं, पत्ता होता. विल्यमचं तसंच आहे. जमीन बदलली, नाव बदललं. मिलच्या भाषेत, नदीने पात्र बदलल्याबरोबर डार्टमथने आपलं नाव बदललं. याचा अर्थ ते अजून नाव झालेलंच नव्हतं, वर्णन होतं. विल्यमने तर आडनाव म्हणजे काय नाही, याचा पुरावा दिलाय.

मग आडनाव जन्मलं कधी? त्यासाठी शंभरेक वर्षं पुढे यायला लागतं.

विल्यमच्या वंशाची थोरली शाखा वेसिंग्टनलाच राहिली. धाकट्या शाखेतला रॉबर्ट द वेसिंग्टन याने १२९२ साली जोन द स्ट्रिकलंडशी लग्न केलं. स्ट्रिकलंड घराणं वेस्टमोरलंडचं, म्हणजे डोंगरांची रांग ओलांडून देशाच्या पश्चिम बाजूला. रॉबर्टची शाखा त्या बाजूला रुजली. आता तिथले लोक रॉबर्टला 'वेसिंग्टनचा' म्हणत असतील तर तेही एका परीने वर्णनच, तो तिकडचा होताच. पण त्याच्या पुढच्या पिढ्या? ती माणसं वेस्टमोरलंडला जन्मली, तिथेच वाढली. चौदाव्या शतकाच्या अखेरीला, १३८०च्या सुमारास, याच शाखेतला जॉन लँकेशरमधल्या वॉर्टनला जमीनजुमला करून आहे. विल्यमचा नियम लावला तर त्याला 'वॉर्टनचा जॉन' व्हायला हवं होतं. तो झाला नाही. वॉशिंग्टनच राहिला. नदीने पात्र बदललं, आणि नाव हललं नाही.

माझ्या मते आडनाव जन्मलं ते इथे. विल्यमने गाव मिळवलं त्या दिवशी नव्हे, तर त्याच्या वंशजांनी गाव गमावूनही नाव सोडलं नाही तेव्हा. तारीख सांगता येत नाही. कारण हा कोणी केलेला निर्णय नाही, न केलेला निर्णय आहे. एका कारकुनाने कधीतरी 'हा कुठे राहतो' असं विचारायचं सोडून 'याच्या बापाला काय म्हणायचे' असं विचारलं असणार.

पुढे 'द' गळून गेला. आणि तिकडे मूळ गावात उलटा प्रकार झाला. १४००च्या सुमारास थोरल्या शाखेत मुलगा उरला नाही. वारस मुलगी, तिचं लग्न टेंपेस्ट घराण्यात, मग त्यांच्या मुलीचं आणखी तिसऱ्या घरात. शेवटी १६१३ मध्ये ती जहागीर डरहॅमच्या बिशपने विकत घेतली, म्हणजे फिरून पहिल्या मालकाकडे. वॉशिंग्टन गावात जमीनदार वॉशिंग्टन उरले नाहीत, आणि वॉशिंग्टन लोकांकडे वॉशिंग्टन गाव नव्हतं.

गावाच्या नावाचं काय? त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक असा लावतात: वॉसा, किंवा ह्वॉसा, नावाच्या कोणा सॅक्सन माणसाची वस्ती. शेवटचा 'टन' म्हणजे शेतवाडी, वस्ती. म्हणजे गंमत बघा. आधी एक माणूस, त्याच्यावरून गाव. गावावरून विल्यम, विल्यमवरून घराणं, घराण्यात जॉर्ज. आणि जॉर्जवरून १७९१ साली पुन्हा एक शहर, आणि १८८९ साली आख्खं राज्य. माणूस, गाव, माणूस, गाव. वॉसाबद्दल आपल्याला त्याच्या नावाखेरीज काहीही माहीत नाही, आणि आज जगात दिवसाला लाखो वेळा त्याचं नाव घेतलं जातं.

आता उलट्या बाजूने जाऊ. म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनकडून मागे. पूर्वज शोधणारा माणूस नेहमी याच बाजूने जातो आणि इथेच फसतो.

१७९१च्या डिसेंबरात लंडनहून सर आयझॅक हर्ड याचं पत्र राष्ट्राध्यक्षांकडे निघालं. हर्ड हा इंग्लंडच्या राजाचा मुख्य वंशावळ-अधिकारी, घराण्यांची मानचिन्हं आणि वंशवृक्ष सांभाळणं हे त्याचं काम. तुमच्या कुळाची माहिती द्या, असं त्याने विचारलं. नुकतंच ज्याच्याशी युद्ध हरलो त्याचं कुळ विचारायला राजाचा माणूस लिहितो, याचंही मला अप्रूप वाटतं. वॉशिंग्टनने मे १७९२ मध्ये सभ्यपणे उत्तर दिलं. या विषयाकडे मी फार लक्ष दिलेलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय की आमचा पहिला माणूस इंग्लंडच्या उत्तरेकडून आला, लँकेशर की यॉर्कशर की त्याच्याही वरून, नीट आठवत नाही. आणि सोबत अमेरिकेतल्या पिढ्यांची जंत्री जोडली.

त्या जंत्रीत एक भक्कम गोष्ट होती: त्याचे पणजोबा जॉन आणि त्यांचा भाऊ लॉरेन्स हे १६५७च्या आसपास व्हर्जिनियात आले. हर्डने इंग्लंडची कागदपत्रं चाळली आणि त्याला नॉर्दॅम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्यात बरोब्बर एक जोडी सापडली. सख्खे भाऊ, जॉन आणि लॉरेन्स. आडनाव तेच, नावं तीच, काळही साधारण जुळतो. आणखी काय हवं? वंशवृक्ष तयार झाला, चरित्रांत छापला गेला, सत्तर-ऐंशी वर्षं निर्वेध चालला.

१८६६ मध्ये जोझफ लेम्युएल चेस्टर या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन माणसाने तो मोडला. चेस्टर पॅरिशच्या नोंदवह्या स्वतःच्या हाताने उतरवून घेत बसणारा माणूस. त्याने साधी गोष्ट दाखवली. हर्डचा जॉन तरुणपणीच 'सर जॉन' झाला होता, राजाने त्याला नाइट केलं होतं. त्या काळचा इंग्रज एक वेळ जेवण सोडील, 'सर' सोडणार नाही. आणि व्हर्जिनियाच्या कागदांत जॉन वॉशिंग्टनपुढे 'सर' कुठेही नाही. शिवाय सर जॉनच्या बायका वेगळ्या, व्हर्जिनियातल्या जॉनची वेगळी. हर्डचा लॉरेन्स तर पाद्री होता. थोडक्यात, ही ती माणसं नव्हेत.

मग खरी माणसं कोणती? त्याचं उत्तर यायला आणखी तेवीस वर्षं लागली. १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स या मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकाने लंडनमधली जुनी मृत्युपत्रं आणि वारसाहक्काचे कागद तपासून ते जुळवलं, आणि जे निघालं ते मला एखाद्या तर्कशास्त्राच्या कोड्यासारखं वाटतं. हर्डने शोधलेला लॉरेन्स, तो पाद्री, हा व्हर्जिनियाला गेलेला लॉरेन्स नव्हता. तो त्या दोघा भावांचा बाप होता. त्याने आपल्या मुलांची नावं जॉन आणि लॉरेन्स ठेवली होती. हर्डने काका आणि बाप यांची जोडी उचलून पुतण्यांच्या जागी बसवली होती. घराणं बरोबर, पिढी चूक!

क्रिपकीच्या साखळीचं हे फार चांगलं उदाहरण आहे. नाव एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात साखळी बनते, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे नुसत्या नावाकडे बघून ठरत नाही, साखळी कडीकडीने मागे न्यावी लागते. हर्डला दोन नावं जुळली, त्याने मधल्या कड्या गृहीत धरल्या. माझ्या ओळखीतले बरेच हौशी वंशावळकार आज संगणकावर हेच करतात, फक्त जास्त वेगाने.

या पाद्री लॉरेन्सविषयी जरा थांबतो, कारण त्याच्या पडझडीशिवाय पुढची गोष्टच नाही. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो, विद्वान माणूस. लग्न करायचं म्हणजे फेलोशिप सोडायची असा नियम, तेव्हा ती सोडून एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री झाला. मग यादवी युद्ध आलं. १६४३ मध्ये पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा गुत्त्यात फार बसतो. तो राजाच्या बाजूचा होता हे खरं कारण, असं समजायला जागा आहे. नंतर पलीकडच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो अगदी सभ्य, मितपानी होता असं म्हटलंय. घर गेलं, उत्पन्न गेलं, बायको ॲम्फिलिस मुलांना घेऊन हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला राहिली. थोरल्या जॉनच्या वाट्याला ना ऑक्सफर्ड आलं ना चर्च. तो 'सी हॉर्स ऑफ लंडन' या व्यापारी जहाजावर लागला. १६५७च्या सुरुवातीला तंबाखू भरून परत निघालेलं ते जहाज पोटोमॅक नदीत रुतलं, आणि जॉन तिथेच राहिला. तिथल्या पोप नावाच्या जमीनदाराच्या मुलीशी, ॲनशी, लग्न केलं. पुढे त्याच नदीच्या काठावर ती राजधानी उभी राहिली.

चेस्टर आणि वॉटर्स यांच्या मधल्या काळात, १८७९ मध्ये, अल्बर्ट वेल्स नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कला एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ ५५ पिढ्या मागे नेऊन थेट ओडिनला भिडवली आहे. ओडिन म्हणजे उत्तरेकडच्या लोकांचा देव. हसू नका. सूर्यवंश-चंद्रवंशाशी कुळं जोडून देणारे भाट आपल्याकडे काही कमी नव्हते. खऱ्या पणजोबांचा बाप कोण हे ठरलेलं नाही आणि ओडिनपर्यंतचा रस्ता मात्र मोकळा! वंशावळीत जितकं मागे जावं तितका आत्मविश्वास वाढतो, कारण विरोध करायला कागद उरत नाहीत.

वॉटर्सनंतर मात्र धागा लागला. पर्लीचा पाद्री, तिथून सल्ग्रेव्ह. सल्ग्रेव्हची जमीन लॉरेन्स नावाच्याच एका पूर्वजाने, लोकरीच्या व्यापाऱ्याने, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीकडून घेतली. राजाने मठ मोडले होते आणि त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या. हा लॉरेन्स आला होता लँकेशरमधल्या वॉर्टनहून, वॉर्टनपासून मागे वेस्टमोरलंड, तिथून रॉबर्ट, आणि रॉबर्टपासून चार पौंड भरणारा विल्यम. लँकेशर की त्याच्याही वरून, अशी वॉशिंग्टनने ऐकीव आठवण लिहिली होती. साडेपाचशे वर्षांचा प्रवास आणि कुटुंबातल्या म्हाताऱ्यांना दिशा तेवढी बरोबर आठवत होती.

पण हा धागा लागतो का, हेही समजून घ्या. पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम निघाला १५३८ साली. त्याआधीचा माणूस सापडायचा तर त्याने तीनांपैकी एक तरी गोष्ट केलेली हवी: जमीन धरलेली हवी, कर भरलेला हवा, नाहीतर कोर्टात उभं राहिलेलं हवं. १३७७ ते १३८१ या काळात इंग्लंडात तीनदा डोईपट्टी बसली, त्या याद्यांत सामान्य माणसं पहिल्यांदा मोठ्या संख्येने नावानिशी दिसतात. लोहार म्हणून स्मिथ, जॉनचा म्हणून जॉन्सन, असं त्या सुमारास साधारणपणे घट्ट होत चाललं होतं, उत्तरेकडे जरा उशिरा. मध्ययुगातला आपला पूर्वज सापडला असं कोणी म्हणालं की समजायचं, पूर्वजांपैकी जो देणेकरी होता तो सापडला.

आणि किती पूर्वजांपैकी? ११८३ ते १७३२, जॉर्जच्या जन्मापर्यंत, पिढीला तीस वर्षं धरली तर अठरा पिढ्या होतात. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत गेलं की अठराव्या पायरीवर २,६२,१४४ जागा होतात. काही माणसं दोनदा-तीनदा येतील, खेडेगावात फार येतील, ते सोडा. त्या अडीच लाखांहून जास्त जागांपैकी आडनाव एका जागेवर बोट ठेवतं. जोन द स्ट्रिकलंड, ॲम्फिलिस, ॲन पोप, या बायका नसत्या तर जॉर्ज नसता. आडनावाच्या लेखी त्या वाटेतल्या धर्मशाळा.

आता दुसरं दप्तर उघडतो. बोल्डन बुकानंतर बरोबर सहाशे वर्षांचं, १७८३ सालचं.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं होतं. इंग्रजांनी युद्धात जाहीर केलं होतं की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडे पळून आले तर ते स्वतंत्र. हजारो आले. आता इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा जनरल वॉशिंग्टनने त्यांचा सेनापती गाय कार्लटन याची भेट घेऊन मागणी केली, आमची मालमत्ता परत करा. मालमत्ता म्हणजे ही माणसं. कार्लटनने नकार दिला, पण एक सोय ठेवली: जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होईल, म्हणजे पुढे भरपाईचा प्रश्न निघाला तर हिशेब हाताशी असेल. ती वही 'बुक ऑफ निग्रोज' म्हणून ओळखली जाते, सुमारे तीन हजार नावांची. त्यात नोव्हा स्कोशियाला जाणाऱ्या एका जहाजाच्या यादीत एक ओळ आहे. हॅरी वॉशिंग्टन, वय ४३. पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी सोडून गेला.

हॅरी आफ्रिकेत, गँबिया नदीच्या बाजूला जन्मलेला. १७६३ मध्ये वॉशिंग्टनने त्याला विकत घेतलं होतं. माउंट व्हर्ननहून तो पळाला, इंग्रजांच्या सैन्यात राहिला, आणि नोंद करायची वेळ आली तेव्हा आडनाव म्हणून वॉशिंग्टन लिहिलं गेलं. त्याने सांगितलं की कारकुनाने ठरवलं? ओळ एवढीच आहे. विल्यमसारखीच, देण्याघेण्यापुरती.

१७९२ मध्ये हॅरी नोव्हा स्कोशियाहून सिएरा लिओनला गेला, सुमारे बाराशे लोकांबरोबर. तिथे त्यांना जमिनी देऊ केल्या होत्या, पण कंपनीने त्या जमिनींवर खंड लावला. यासाठी आम्ही स्वातंत्र्य घेतलं नाही, असं म्हणत १८०० मध्ये काही जणांनी उठाव केला, त्यात हॅरी होता. उठाव मोडला, त्याला खाडीपलीकडे बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं, तिथेही तो हद्दपारांच्या म्होरक्यांपैकी एक झाला. कर देणार नाही म्हणून सत्तेविरुद्ध उभा राहिलेला वॉशिंग्टन म्हटलं की आपण एकाचंच नाव घेतो. होते दोन.

जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. मग आज हे आडनाव कोण लावतं? अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं मोजली गेली, आणि त्यांतली जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय आहेत. काहींच्या पूर्वजांना मालकाचं नाव लागलं असेल, बहुतेकांनी मुक्त झाल्यावर ते निवडलं असावं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय: शाळेत हजेरी घेताना बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं, यांना एकच. पाळी येईपर्यंत त्यांनी मनाशी ठरवलं आणि मास्तरांना शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. त्यांच्या सावत्र वडिलांचं नाव वॉशिंग्टन होतं. आडनाव नव्हे, नाव! वॉसा, विल्यम, रॉबर्ट, वॉर्टन, पर्ली, सगळं ओलांडून ते नाव एका मुलाकडे आलं, आणि मधल्या कड्यांत रक्त कुठेच नाही. या माणसाला कोणी वंशावळ काढून दिली आणि डरहॅमला नेऊन विल्यमचं घर दाखवलं तर ते खोटं होईल. पण ते नाव त्यांचं नाही, असं म्हणायची माझी तयारी नाही. उलट ज्याने ते विचार करून घेतलं असा या सगळ्या साखळीत मला दिसणारा हा पहिलाच.

तिथलं विल्यमचं घर आज नाही. त्या जागी 'वॉशिंग्टन ओल्ड हॉल' म्हणून वास्तू उभी आहे ती मुख्यतः सतराव्या शतकातली. १९३६ मध्ये ती पाडायची ठरली होती, लोकांनी वाचवली.

आता चिठ्ठीवाल्या गृहस्थांकडे येतो, आणि त्यासाठी थोडं घरातलं सांगावं लागेल. माझे वडील दत्तक गेले होते, नऊ वर्षांचे असताना. आज माझं जे आडनाव आहे ते त्या दुसऱ्या घराचं. ते एका गावावरून आलंय, आणि त्या गावात माझ्या रक्ताचं कोणी कधी राहिलेलं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आम्ही बोलायचो नाही. वडील कधी म्हणाले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात, पणजोबा-खापरपणजोबांच्या नोंदी वाचून दाखवतात. आमच्या आडनावाच्या वहीत वडिलांचं नाव आजोबांच्या खाली सरळ लिहिलेलं आहे, इतर मुलांसारखं, कुठे खूण नाही. पुढे माझं नाव घातलं, सही केली. मग न राहवून दुसऱ्या घराण्याचं नाव विचारलं. त्यांची वही वेगळ्या गुरुजींकडे, दोन गल्ल्या टाकून. तिथेही वडील सापडले. पाच भावंडांत तिसरे. नावापुढे दोन शब्द: दत्तक गेले. शाई तीच, अक्षर तेच, पुढे काही नाही.

गुरुजींनी बोरू नव्हे, बॉलपेन पुढे केलं आणि म्हणाले, "यांचे चिरंजीव ना? मग सही करा की." मी जरा घुटमळलो. त्या वहीत माझं आडनाव बसत नव्हतं. शेवटी नुसतं नाव लिहिलं, आडनावाशिवाय.

म्हणून ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा. माईक मागच्या रांगेत द्या.